दार बसलं की आवाज करत नाही

९ फेब्रुवारी

ताईस,

दवाखान्यातून घरी येऊन आज एकतीस दिवस झाले. तू परत गेल्यापासून घरात तुझी बडबड नाही, पण माझी टिकटिक आहे, त्यामुळे अगदीच सुनं वाटत नाही. तू निघायच्या दिवशी माझ्या छातीला कान लावून म्हणालीस, "काही ऐकू येत नाही, उगाच कौतुक करून घेतोय." ते आठवून तुझी भावजय नवी अजून हसते. तीस वर्षं दवाखान्याच्या धुलाईखान्यात मशीनांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या बाईला छातीतली झडप ऐकू येणार कशी? फोनवर मी कितीही ओरडलो तरी तू "बरं बरं" म्हणून ठेवून देतेस. म्हणून तर या वयात हा पत्रांचा उद्योग.

आवाज कसा आहे ते ऐक. काचेवर कुणी नखानं टिचकी मारत बसावं तसा. तोंड मिटलेलं असेल तर बारीक, उघडलं की मोठा. म्हणून हल्ली मी चारचौघांत तोंड मिटून बसतो. नवी म्हणते, सव्वीस वर्षांत मला जे जमलं नाही ते त्या डॉक्टरांनी करून दाखवलं.

तू सांगितलंस म्हणून धातूची झडप घेतली. डॉक्टरांनी दोन्ही पर्याय पुढे ठेवले होते. जनावराची घेतली तर बारा-पंधरा वर्षांनी पुन्हा छाती उघडायची. धातूची घेतली तर जन्मभर टिकेल, पण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, मरेपर्यंत. तू म्हणालीस, एकदाच काय ते मजबूत काम करून टाक. मी सुतार माणूस, मलाही ते पटलं.

आवाजाची मला तशी काळजी नाही. नवी झडप बसवली की पहिले काही महिने ती कुरकुर करतेच. लाकूड चौकटीला सरावतं, बिजागरी सैल होते आणि मग दार बसतं. दार बसलं की आवाज करत नाही. सत्तावीस वर्षांत हजारेक दारं बसवली, याला अपवाद एकही नाही. हे दार मिनिटाला ऐंशी वेळा उघडतं, एवढाच काय तो फरक.

सोबत दवाखान्यानं घरी सोडताना दिलेल्या सूचना पाठवतोय. चार पानं आहेत. दोनदा वाचायला घेतली, दोनदा डोळा लागला. घरात अर्धी डॉक्टर असताना आम्ही कशाला डोकेफोड करायची? तू वाच आणि त्यातलं कामाचं काय ते आपल्या भाषेत कळव. कागद तुझ्याकडेच राहू देत, इथे हरवतील.

तुझा
ठोक्या


२० फेब्रुवारी

ठोक्या,

पत्र मिळालं. अक्षर बरं आलंय, म्हणजे हाताला जोर आला. मी शेजारणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमचा भाऊ दुखण्यातून उठलाय की लग्नाहून आलाय?

कागद वाचले. घाबरण्यासारखं काही नाही, सगळं नेहमीचंच आहे. गोळी ठरल्या वेळी घे. पालेभाजी एक दिवस ढीगभर आणि मग आठवडाभर नाही, असं करू नको, रोज सारखी खा. दाताच्या डॉक्टरकडे गेलास तर आधी झडपेचं सांग. आणि महिन्याच्या महिन्याला रक्त तपासून घे. बाकी पानं भरायला लिहिलेलं असतं. मी अशी पत्रकं गठ्ठ्यांनी पाहिली आहेत.

तू म्हणतोस ते बरोबर आहे. दार बसेल. माझ्या डोळ्यांसमोर किती माणसं झडपा घालून चालत घरी गेली. तू त्यातला एक. मनात काही आणू नको.

नवीला म्हणावं, त्याला रागवत जा, लाडावून ठेवू नको. लहानपणी याला जे सापडेल ते ठोकत बसायची खोड होती, म्हणून ठोक्या नाव पडलं. आता आतूनच ठोकतोय, तर बिचाऱ्याला दोष कशाला द्यायचा?

माझ्या न्हाणीघराचं दार अजून खाली घासतं. तू आलास की बघशील म्हणून मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिलेला नाही. बरा हो आणि ये.

ताई


११ एप्रिल

ताई,

कामावर जायला लागून महिना झाला. मुद्दाम लिहिलं नव्हतं, आधी जमतंय का ते बघायचं होतं. जमत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात बिजागरीची खाच काढताना पटाशी निसटली. अंगठ्याला नुसता ओरखडा. पूर्वी बोट तोंडात घालून दुसऱ्या हातानं पुढचं काम केलं असतं. या वेळी पाऊण तास वाहत होतं. दोन फडकी भिजली, टेबलाखालचा भुसा लाल झाला. मालकाचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा पडला. संध्याकाळी त्यानं मला बोलावून फार प्रेमानं सांगितलं, "आता धारेला हात लावायचा नाही." पटाशी नाही, रंधा नाही, करवत तर नाहीच. मला दाराशी एक खुर्ची दिली आहे. तयार झालेल्या दारांवर चिठ्ठ्या लावायच्या: रुंदी, उंची, डावं, उजवं. दारं बसवणाऱ्या माणसाला त्यांनी बसवून ठेवलंय.

सगळे काळजी घेतात. हातातून फळी काढून घेतात. जिना चढताना कुणीतरी मागे येतं. पण काळजी घेणारी माणसं किती लांबून बोलतात ते मला आता कळलं. जेवायच्या वेळी मी जवळ बसलो की गप्पा थांबतात आणि सगळे ती टिकटिक ऐकतात. ऐकत नसल्याचं दाखवतात, त्याचा जास्त राग येतो.

नवी आता बाहेरच्या खोलीत झोपते. भांडण नाही. तिनं दोन महिने प्रयत्न केला. म्हणाली, "प्रत्येक टिकीनंतर मी पुढच्या टिकीची वाट बघते, मग झोपू कधी?" यात तिचं काय चुकलं? मला वाटतं, चुकलं कुणाचंच नाही. तेच वाईट आहे.

दवाखान्यातून एक फॉर्म आला होता. दर तीन महिन्यांनी येणार आहे. झडप घातलेल्या माणसांचं आयुष्य कसं चाललंय याची चौकशी. जिना चढता येतो का, झोप लागते का, काम करता का, उदास वाटतं का. प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकटी: खूप चांगलं, चांगलं, बरं, वाईट. मी सगळीकडे 'खूप चांगलं'वर खूण केली. वाईट लिहिलं असतं तर उरलेली चिठ्ठ्यांची खुर्चीसुद्धा गेली असती.

ठोक्या


२२ एप्रिल

ठोक्या,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला घास गोड लागला नाही. मग तुझाच राग आला. अरे, जिवंत आहेस हे काय कमी आहे? गेल्या वर्षी या दिवसांत दोन पायऱ्या चढलास की भिंतीला धरून उभा राहायचास. ओठ निळे पडले होते. ते विसरलास का?

चिठ्ठ्या तर चिठ्ठ्या. मी तीस वर्षं चादरींवर शिक्के मारले, मला काय झालं? आणि दोन-चार महिन्यांची तर गोष्ट. शरीराला सवय होते, रक्तसुद्धा वळणावर येतं. मग मालकच तुला हात धरून टेबलापाशी नेईल. तुझ्यासारखं दार बसवणारा त्याला दुसरा मिळणार आहे का?

फॉर्मवर चांगलं लिहिलंस ते बरंच केलंस. लिहून लिहून तसं वाटायलाही लागेल. आणि नवीला परत आत बोलाव. कानात कापूस घाल म्हणावं. मला विचारलंस तर बहिरेपणासारखं सुख नाही.

ताई


२७ जुलै

ताई,

बऱ्याच दिवसांत पत्र नाही म्हणून रागावली असशील. कामात होतो. हो, कामात! पटाशी हातात आहे.

तू म्हणाली होतीस तसंच झालं. रक्त वळणावर आलं. जूनअखेरीला चिठ्ठी लावताना पत्र्यानं बोट कापलं. मी घड्याळ लावून बसलो. दोन मिनिटांत थांबलं. मालकाला नेऊन दाखवलं. तो बघतच राहिला. मी म्हटलं, बघताय काय, ताईनं आधीच सांगितलं होतं. त्याला तुझी दवाखान्यातली नोकरी ठाऊक आहे. त्यानं मान डोलावली.

आता ऐक. गावातल्या ग्रंथालयाचं पुढचं दार बदलायचं आहे. नऊ फुटी, दोन झडपांचं. जुनं खालून कुजलंय. ग्रंथपालबाईंची अट एकच: दार लावताना आवाज होता कामा नये, आत लोक वाचत असतात. मालकानं माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या कुणाकडे बघणार होता? माप घ्यायला गेलो तेव्हा वाचनाच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ मान वर करून भिंतीवर घड्याळ शोधायला लागले. भिंतीवर घड्याळ नव्हतंच. मी तोंड मिटलं आणि बाहेर येऊन हसलो. एप्रिलमध्ये रडलो असतो.

दुसरा फॉर्म आला. या वेळी 'खूप चांगलं' खरं लिहिलं. रक्ताची तपासणी दोनदा राहिली कामाच्या गडबडीत, पण अंगात घोड्यासारखा जोर असताना सुया कशाला टोचून घ्यायच्या? हे दार झालं की तुझ्याकडे येतो. न्हाणीघराचं दार काढून रंधा मारून देतो, दहा मिनिटांचं काम आहे.

ठोक्या

ता. क. नवी अजून बाहेरच झोपते, पण आता झोपते.


४ सप्टेंबर

ताई,

घाईत लिहितो. दोन गोष्टी आहेत.

पहिली आनंदाची. टिकटिक बसली. आठ-दहा दिवस झाले. आधी मला वाटलं, माझ्याच कानांना सवय झाली. काल नवीनं छातीला कान लावला. म्हणाली, "आहे, पण उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखी." तोंड उघडून बघितलं तरी तेवढीच. दार बसलं, ताई! आठ महिने लागले, पण बसलं.

दुसरी गोष्ट. एकोणीस तारखेला, शुक्रवारी, सकाळी अकराला दवाखान्यानं तपासणीची वेळ दिली आहे. ग्रंथालयाचं दारही त्याच दिवशी बसवायचं आहे, कारण त्या एका दिवशी ते बंद असतं. नवी म्हणते, आधी दवाखाना. आवाज का कमी झाला ते विचारून या, आणि जिना चढताना परत धाप लागते तेही सांगा. धाप काय, नऊ फुटी झडपा उचलल्यावर कुणालाही लागेल. आमची दोन दिवस वादावादी चालली आहे. शेवटी ठरलं, ताईला विचारायचं. ती म्हणेल तसं.

म्हणून उलट टपाली कळव. मला ते दार दुसऱ्या कुणाला बसवू द्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवून कळव.

ठोक्या


९ सप्टेंबर

माझ्या ठोक्या,

पत्र हातात पडलं आणि जीव भांड्यात पडला. आठ महिने मी वरवर तुला रागवत होते, पण आत माझा जीव टांगणीला लागला होता. शेजारणीला बोलावून चहा पाजला. तिला म्हटलं, माझ्या भावाचं दार बसलं. तिला वाटलं, तू घर बांधलंस.

नवीला सांग, उगाच शंका काढू नको. आवाज होता तेव्हा आवाजाची काळजी, गेला तर गेल्याची काळजी, असं कसं चालेल? दवाखान्याच्या कागदातही भिण्यासारखं काही लिहिलेलं नाही, मी वाचलंय. सरावलं की आवाज बसणारच. धाप म्हणशील तर तू जरा दमानं घे, दोघांनी मिळून उचला.

शुक्रवारी दार बसव. तपासणी काय, सोमवारीही होईल. दवाखाना कुठे पळून जातोय? इतक्या दिवसांनी तुला हवं ते काम मिळालंय, ते कर आणि मला लिही, दार कसं लागलं ते.

ताई


११ ऑक्टोबर

ताईंना नमस्कार.

तार केली होती ती मिळाली असेल. तुमची दोन पत्रं आली, उत्तर द्यायला सवड नव्हती. आता सगळं सांगते.

तुमचं पत्र मंगळवारी आलं. त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पत्र घडी घालून खिशात ठेवलं. त्यानंतर मी वाद सोडला. तुम्ही सांगितल्यावर मी काय बोलणार?

शुक्रवारी मी डबा घेऊन ग्रंथालयात गेले होते, म्हणून मी डोळ्यांनी पाहिलं. उजवी झडप बसवून झाली होती. डावी दोघांनी उचलून दिली, बिजागऱ्या त्यांनीच लावल्या. मग त्यांनी ग्रंथपालबाईंना बोलावलं आणि म्हणाले, "ढकला." बाईंनी एका बोटानं ढकललं. नऊ फुटी दार लागलं आणि कळलंसुद्धा नाही. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "बसलं." हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. तो घ्यायला वाकले ते वर आलेच नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं, झडपेवर रक्ताची गाठ धरली होती. गाठीमुळे झडप नीट उघडत-मिटत नव्हती, म्हणून आवाज कमी झाला होता आणि म्हणूनच धाप लागत होती. त्या गाठीचा तुकडा मेंदूत गेला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. बावीस दिवस दवाखान्यात होते. गाठ औषधांनी हळूहळू विरघळली. मेंदूचं जे झालं ते झालं, त्याला औषध नाही म्हणाले. व्यायाम करून पाय थोडा येईल. हाताची आशा धरू नका, असं स्पष्ट सांगितलं.

डॉक्टरांनी मला विचारलं, आवाज कधी बदलला? मी म्हटलं, तीनेक आठवड्यांपूर्वी. ते मला रागावले. म्हणाले, "आवाज मंद झाला की त्याच दिवशी यायचं, हे आम्ही लिहून दिलंय. सहावा मुद्दा. तुम्ही वाचत का नाही?" आमच्या घरी ते कागद नव्हतेच. ते तुमच्याकडे होते.

ताई, सहाव्या मुद्द्यात काय आहे ते तुम्ही वाचलं होतं का? रागानं विचारत नाही. मला ठाऊक असायला हवं म्हणून विचारते.

नवी


१९ ऑक्टोबर

नवी,

वाचलं नव्हतं.

हे दोन शब्द लिहायला मला दोन दिवस लागले. आता बाकीचं लिहिते.

तुझं पत्र आल्यावर टेबलाचा खण उघडला. कागद त्याच पाकिटात होते. सहावा मुद्दा तिसऱ्या पानावर आहे. 'झडपेचा आवाज मंद झाल्यास किंवा ऐकू येईनासा झाल्यास त्याच दिवशी दवाखान्यात या.' एवढंच वाक्य आहे. त्यात कठीण शब्द एकही नाही. मी फेब्रुवारीत पहिलं पान वाचलं होतं. तेही वरचं अर्धं. गोळी, भाजी, दात, तपासणी, एवढं वाचून झाल्यावर चष्मा काढून ठेवला आणि त्याला लिहिलं, सगळं नेहमीचंच आहे.

नवी, मी अर्धी काय, पाव डॉक्टरसुद्धा नव्हते. मळलेल्या चादरी किती आल्या, धुतलेल्या किती गेल्या, फाटलेल्या किती निघाल्या, हे तीस वर्षं केलं. झडप घातलेला माणूस मी आपला भाऊ सोडून एकही पाहिलेला नाही. "माझ्या डोळ्यांसमोर किती माणसं घरी गेली" असं लिहिलं होतं ना मी? त्यांच्या चादरी गेल्या माझ्या डोळ्यांसमोरून. पण तुम्ही सगळे मला विचारायचात. ताप आला, ताईला विचारा. सूज आली, ताईला विचारा. मला बाकी कुणी काही विचारत नव्हतं गं. आधी गंमत म्हणून सांगायचे, मग खरंच वाटायला लागलं की मला कळतं.

त्याची ती टिकटिक मला कधी ऐकूच आली नाही. तुम्हाला दोघांना तिचा त्रास होत होता एवढंच ठाऊक होतं. मग ती गेली म्हटल्यावर त्रास गेला असं वाटलं.

मला तिकडे येऊ दे. त्याचं अंग पुसेन, त्याला भरवेन, चादरी तर मी बदलूच शकते. त्याला हे पत्र वाचून दाखव. मला काही लपवायचं नाही आता. तो काय म्हणतो ते मला कळव.

ताई


१६ नोव्हेंबर

ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. लगेच लिहिणार होते, पण मध्ये एक गोष्ट झाली, म्हणून थांबले.

वर्कशॉपचे मालक त्यांची हत्यारं घरी आणून देऊन गेले. हत्यारांच्या पेटीत स्क्रूंचा पत्र्याचा डबा असतो. तो उघडला तर स्क्रूंखाली कागदाची पुडी. पुडीत अर्ध्या गोळ्या होत्या. रक्त पातळ करायच्या. पटाशीनं कापलेल्या, कडा इतक्या सरळ की दुसऱ्या कुणाचं काम असणं शक्य नाही. एकशे चार निघाल्या. तारीख लावून पाहिली तर जूनच्या पहिल्या आठवड्यापासून रोज एक. अर्धी घ्यायचे आणि अर्धी पुडीत ठेवायचे. उरलेला तुकडा टाकून द्यायची त्यांना कधी सवयच नव्हती. पटाशी परत हातात मिळावी म्हणून त्यांनी हे केलं. तपासणीत पकडले जाऊ नये म्हणून ती टाळत होते. तुम्हाला, मला, मालकाला, सगळ्यांना सांगितलं की रक्त वळणावर आलं.

तेव्हा तुम्ही सगळं स्वतःवर घेऊ नका. गाठ तुमच्या पत्रानं धरलेली नाही. पण तुमचं पत्र आलं नसतं तर ते शुक्रवारी अकरा वाजता दवाखान्यात असते. मी वाद जिंकत आले होते. दोन्ही खरं आहे. मी एक धरून दुसरं सोडायचा पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही. माझंही आहेच यात. मी बाहेरच्या खोलीत झोपायला गेले नसते तर आवाज पहिल्या दिवशीच माझ्या लक्षात आला असता.

आता टिकटिक परत आली आहे. पहिल्यासारखी, खणखणीत. मी आत झोपते. पूर्वी तिच्यामुळे झोप लागत नव्हती, आता ती ऐकू येत राहावी म्हणून जागी राहते.

डॉक्टर म्हणतात, त्यांना बोललेलं बरंचसं कळतं. पण बोलायला गेले की एकच शब्द येतो. "बसलं." पाणी हवं असलं तरी बसलं. नको असलं तरी बसलं. कूस बदलून हवी असली, मी दिसले नाही, डोळ्यांत पाणी आलं, तरी तेच. असं होतं म्हणे, झटका येण्याच्या आधीचा शब्द कधी कधी तेवढा मागे राहतो. आवाजावरून मी ओळखायचा प्रयत्न करते. निम्म्या वेळा चुकते. चुकले की ते डाव्या हातानं पलंगाची कड धरून डोळे मिटून घेतात.

दवाखान्याचा फॉर्म परत आला. त्यांना वाचून दाखवला. जिना चढता का? काम करता का? शेवटचा प्रश्न आहे, एकंदरीत तुमचं आयुष्य कसं चाललं आहे. मी चारही उत्तरं सावकाश वाचली. ते म्हणाले, "बसलं." त्या उत्तराला फॉर्मवर चौकट नाही. मी ती जागा कोरी ठेवून फॉर्म पाठवून दिला.

यायचं तर या. मी नको म्हणणार नाही, दोन हात कमीच पडतात. तुमच्या न्हाणीघराचं दार मात्र आता दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.

तुम्ही सांगितलंत म्हणून तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. सगळं, एक शब्द न गाळता. ऐकून झाल्यावर त्यांनी डाव्या हातानं कागद मागितला. थोडा वेळ छातीवर धरला, म्हणाले, "बसलं," आणि भिंतीकडे तोंड केलं. याचा अर्थ मला कळलेला नाही. तुम्हीही लावू नका.

नवी